आठचा थेंब

काल लेसर झालं. आज सकाळी डोळ्यांवरच्या प्लास्टिकच्या जाळ्या काढल्या आणि आडवी असतानाच समोरच्या भिंतीवरचं कालनिर्णय वाचलं. लाल रविवार एकेक करून मोजले. चौथीत चष्मा लागला तेव्हापासून अंथरुणातून ती भिंत मला नुसती पांढरी दिसायची.

खरं तर लेसर डोळ्यात भर काहीच घालत नाही. माझा नंबर उणे ५, म्हणजे किरण दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्यातल्या मागच्या पडद्याच्या, अलीकडेच एकत्र यायचे. कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, मध्यभागी किंचित सपाट केला की ते नेमके पडद्यावर पडतात. आधी वरचा पातळ पापुद्रा सोडवून बाजूला उलटतात, आतला थर तासतात, पापुद्रा परत बसवतात. टाका नाही. एका नंबरामागे साधारण १२ ते १५ मायक्रॉन जातात; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. टिकटिक आवाज, केस जळल्यासारखा वास, आणि प्रत्येक डोळ्याचं तासणं मिनिटाच्या आत संपलं.

वास येतो, पण भाजत काही नाही. १९३ नॅनोमीटरचे ते अतिनील किरण ऊतींतले बंध तोडतात, शेजारी झळ पोचत नाही. हे १९८१ साली अमेरिकेत आयबीएम या संगणक कंपनीच्या प्रयोगशाळेत थँक्सगिव्हिंग सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या मांसावर पाहिलं गेलं. ती टर्की आणणारे शास्त्रज्ञ रंगास्वामी श्रीनिवासन मद्रास विद्यापीठात शिकलेले. काल टेबलावर पडल्या पडल्या मला त्यांचीच आठवण झाली.

तपासणीला मात्र आम्ही दोघी गेलो होतो, मी आणि ताई. माझा कॉर्निया ५४० मायक्रॉन जाड, तिचा ४७०, आणि तिच्या कॉर्नियाच्या नकाशात खालच्या बाजूला लालसर उंचवटा. असा डोळा तासला तर पुढे फुगत जाण्याचा धोका. डॉक्टरांनी तिला स्पष्ट नकार दिला. मला ते फार बरं वाटलं, नकार देणारा डॉक्टर भेटणं भाग्याचं. ताई बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "तुझं तरी होतंय ना."

चाळिशी लागायची तेव्हा मलाही लागेल. जवळचं वाचायला लागणारी आतल्या भिंगाची लवचीकता लेसर परत आणत नाही.

डोळे कोरडे पडतात, खुपतात. थेंबांचं वेळापत्रक ताईनेच फ्रिजवर चिकटवलंय. आत्ता ती आली, चष्मा डोक्यावर सरकवला, पुन्हा खाली घेतला, बाटलीवरचं नाव नीट वाचलं आणि म्हणाली, "वर बघ." आठचा थेंब पडला.