बाबांचे जुने पत्ते

इथे इंग्लंडात, लीड्समध्ये शेजारच्या आजींच्या मुलीने परवा मला एक फॉर्म दाखवला आणि मी तो उभ्या उभ्याच पूर्ण वाचून काढला. हर्बर्ट प्रोटोकॉल म्हणतात त्याला. जॉर्ज हर्बर्ट म्हणजे दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीला उतरलेले सैनिक, पुढे डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश झालेले. त्यांचंच नाव दिलंय. माणूस हरवायच्या आधीच घरच्यांनी तो भरून ठेवायचा आणि वेळ आली की पोलिसांच्या हातात द्यायचा. फोटो, औषधं हे आलंच. पण पुढे विचारलंय, आधी कुठे राहायचे? नोकरी कुठे होती? रोजची वाट कुठली? मागे हरवले तेव्हा कुठे सापडले? म्हणजे या माणसाला कुठेतरी पोचायचंय, हे पोलिसांनी धरलेलंच आहे. मला हे फार मोठं वाटतं.

तिकडे ठाण्यात आमच्या बाबांनाही विसर पडतो आणि दुपारी वागळे इस्टेटला सेकंड शिफ्टला जायचं असतं. शर्ट खोचून, डब्याची पिशवी घेऊन दाराशी उभे. पिशवीत कधी टीव्हीचा रिमोट, कधी आईचा चष्मा. अडवलं की आवाज चढतो, "लेट मार्क लागेल!" नातेवाईक सांगतात, बाहेरून कडी घाला. आत आग लागली तर? बाबांना सांभाळायला ब्युरोकडून येणाऱ्या मावशी जास्त शहाण्या. त्या चपला घालून सोबत निघतात, सोसायटीला फेरी मारतात आणि "काका, चहा घेऊन जाऊ" म्हणत वर आणतात.

आणि आपल्याकडे काहीच नाही असंही नाही हं. इथल्या शेजारच्या आजी दिवसातला बराच वेळ एकट्या असतात. बाबा मात्र एकदा कापूरबावडीपर्यंत चालत गेले, तर एका रिक्षावाल्याने पायातल्या घरातल्या स्लिपर बघून त्यांना थांबवलं, खिशातल्या चिठ्ठीवरून फोन केला आणि घरी आणून सोडलं. पैसे घेतले नाहीत. इथे असं कोण करेल?

लांबून सल्ले देणं सोपं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. आईला व्हिडिओ कॉलवर घेऊन तसाच कागद मराठीत मीच केला. नौपाड्याच्या जुन्या घराचा पत्ता सगळ्यात वर लिहिलाय. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तरी बाबा तिकडेच निघतील. एक प्रत मावशींकडे, एक वॉचमनच्या केबिनमध्ये, कारण एजन्सी वॉचमन सारखे बदलते. खाली लिहिलंय की पोलिसांकडे जायला चोवीस तास थांबायचं नसतं, आणि एल्डर लाइन या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा १४५६७ हा नंबर.

मावशींना एकच जादा काम सांगितलंय. आंघोळीनंतर बाबांचा एक फोटो ग्रुपवर टाकायचा. आई घाबरली की तिला शर्टाचा रंग आठवत नाही.