सहा फूट केबल कोणाच्या हद्दीत?

आमच्या इमारतीत अजून लँडलाइन आहेत म्हटलं की लोक हसतात. लिफ्टमधला फोन, पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा वर्षानुवर्षांचा नंबर, सीएंच्या ऑफिसातलं ईपीएबीएक्स (ऑफिसातले फोन आपसांत आणि बाहेर जोडणारं यंत्र), सगळं त्याच तारांवर चालतं. जुनी डीपी, म्हणजे कंपनीची केबल आणि इमारतीच्या तारा जिथे जोडतात ती पेटी, तळघरातल्या पार्किंगमध्ये होती. फोन ठेवलेला असतानाही टेलिफोनच्या लाइनवर साधारण ४८ व्होल्ट डीसी असतात. त्यात भिंतीची ओल मिळाली की टर्मिनलवर हिरवा कीट चढतो आणि फोन खरखरतो. शेवटी सभेत ठरलं, तळमजल्यावर जिन्याखाली नवा बोर्ड लावायचा. सेक्रेटरी मी, तेव्हा काम माझ्याच गळ्यात.

बोर्डाचं काम पटकन उरकलं. १८ मिलिमीटरचं वॉटरप्रूफ प्लाय, मागे हवा खेळावी म्हणून लाकडी पट्ट्या, वर दहा-दहा जोड्यांची क्रोन मॉड्यूल, म्हणजे तारा दाबून बसवायचे ठोकळे. लाइट मीटरशेजारची जागा आयतीच मिळत होती, पण विजेच्या केबलला खेटून फोनच्या तारा नेल्या की गुणगुण येते, म्हणून ती घेतली नाही. मजल्यामजल्यांच्या केबल आमच्या वायरमनने बोर्डावर आणल्या.

राहिली ती रस्त्यावरून येणारी कंपनीची केबल. ती नव्या बोर्डापर्यंत पोचेना. सहा फूट कमी!

टेलिफोन कार्यालयात गेले. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, डीपीपर्यंत आमचं. पुढचं तुमचं तुम्ही बघा." मी म्हटलं, अहो, डीपीच तर हलवतोय. "मग शिफ्टिंगचा अर्ज करा." अर्ज घेऊन गेले, तर शिफ्टिंग ग्राहकाच्या नावाने होतं, इमारतीच्या नाही. म्हणजे प्रत्येक नंबरमागे वेगळा अर्ज, सही, ओळखपत्र. त्यातला एक नंबर जागा सोडून गेलेल्या भाडेकरूच्या नावावर! मालक बिल भरतात, सही मात्र भाडेकरूची हवी. मग कोणीतरी सांगितलं, हे बाहेरच्या केबलवाल्यांचं काम, मागच्या इमारतीत जा. तिथले म्हणाले, कंपाउंडच्या आतलं आमच्याकडे येत नाही. मी टेबलावर कागद ठेवून नकाशा काढून दाखवला. साहेबांनी तो शांतपणे पाहिला, परत दिला आणि चहा मागवला. स्वतःसाठी.

शेवटी मी अर्जच बदलला. 'शिफ्टिंग' हा शब्द काढून टाकला आणि लिहिलं: 'आपल्या केबलमध्ये ओलावा शिरल्याने सर्व लाइन सदोष, दुरुस्ती व्हावी.' खोटं काहीच नव्हतं. सोबत कीट चढलेल्या टर्मिनलचे फोटो आणि सगळ्या नंबरांच्या तक्रारी एकाच दिवशी नोंदवलेल्या. त्यावर मात्र जॉइंटर, म्हणजे कंपनीचा केबल जोडणारा माणूस, आला. तुमचंही असं अडलं तर अर्जात दुरुस्ती मागा, बदल मागू नका.

जॉइंटर काका वयस्कर होते. केबल सोलली, आतली चिकट जेली रॉकेलच्या फडक्याने पुसली आणि मान वर न करता जोड्या लावू लागले: पांढरा-निळा, पांढरा-केशरी, पांढरा-हिरवा... पाच रंग गुणिले पाच रंग, पंचवीस जोड्या. छोटे कनेक्टर पकडीने कट्‌ कट्‌ दाबत गेले. "ताई, दोन हात केबल गुंडाळून ठेवतो, पुढच्याला शिव्या द्यायला नकोत," म्हणाले. आधीच्यांनी एवढं केलं असतं तर?

हो, आणि क्रोनमध्ये तार दाबायचं टूल धरताना कात्रीची बाजू तारेच्या उरलेल्या टोकाकडे हवी, नाहीतर लाइनच कापली जाते. वायरमनला उभं राहून हे सांगा. बेल येताना लाइनवर ७५ व्होल्टच्या आसपास एसी असतो, तेव्हा ओले हात नकोत. कुठली जोडी कुठल्या ऑफिसची, हा तक्ता बोर्डाच्या दाराला आतून चिकटवा. वायरमनच्या डोक्यात ठेवू नका. अर्थिंग त्याच दिवशी करून घ्या. आणि प्रत्येक नंबरवरून बोलून पाहिल्याशिवाय जुनी डीपी भंगारात देऊ नका, वॉचमन कितीही मागे लागला तरी.

त्या भाडेकरूच्या नावावरच्या नंबरचं नाव बदलायचं अजून बाकी आहे. त्या खिडकीवर मी जाणार नाही. मालकांना सांगितलंय, तुम्ही जा.