एकराला वीस हजार लिटर

नोकरीच्या निमित्ताने मी चार वर्षे नैरोबीत राहिलो. त्या काळात शेजारच्या मचाकोस काउंटीत माझे अनेकदा जाणे झाले, आणि तिथल्या लाल मातीच्या, बांध घालून पायऱ्या पाडलेल्या टेकड्या पाहिल्या की मला दर वेळी माणदेशातले आमचे गाव आठवे. मका, घेवडा आणि तूर ही तिथली नेहमीची पिके. पाऊस वर्षातून दोनदा, म्हणजे मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत येतो, पण दोन्ही वेळा त्याचा भरवसा सारखाच कमी. मधल्या कोरड्या महिन्यांत नद्यांच्या पात्रांत नुसती वाळू दिसते, मात्र ती कंबरभर उकरली की झिरा लागतो आणि पाणी हळूहळू वर साचते. आमच्याकडेही ओढ्यात असेच झिरे खणत असत, त्यामुळे ते दृश्य मला परके वाटले नाही.

अशाच एका पात्राच्या काठावर एक बाई टोमॅटो आणि सुकुमा विकी (केनियात घरोघरी रोज शिजणारी पालेभाजी) करत असत. त्यांची जमीन होती दीड एकर, पण कोरड्या हंगामात ओली राहत असे ती जेमतेम चार गुंठे. बाकीच्या जमिनीत पाऊस येईपर्यंत काहीही नसे. त्यांनी कष्टात कसूर केली म्हणून ती पडीक नव्हती, हे समजण्यासाठी एक साधा हिशेब पुरेसा आहे. कोरड्या हवेत भाजीपाल्याला दिवसाला साधारण पाच मिलिमीटर, म्हणजे चौरस मीटरमागे पाच लिटर पाणी लागते. एका गुंठ्याला ते ५०० लिटर होते आणि एकराला सुमारे २०,००० लिटर. वीस लिटरची बादली धरली, तर चार गुंठ्यांसाठी रोज शंभर बादल्या झिऱ्यातून उपसून काठ चढवाव्या लागतात, आणि एकरासाठी एक हजार. आई आणि दोन मुले मिळून शंभर बादल्या वाहू शकतात, तेही मुलांची शाळा बुडवून. हजार बादल्या कोणतेही कुटुंब वाहू शकत नाही. जमीन आहे, जमिनीखाली पाणी आहे, माल विकायला बाजार आहे, आणि तरीही माणूस गरीब आहे, कारण या तिन्हींच्या मध्ये बादली आहे.

माझ्या मते आफ्रिकेतील छोट्या शेतकऱ्याच्या गरिबीची चर्चा या बादलीपासून सुरू व्हायला हवी. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत लागवडीखालच्या जमिनीपैकी केवळ ४ ते ६ टक्के जमिनीला सिंचनाची सोय आहे. पाणीच नाही, असे हे आकडे पाहून वाटते, पण तसे सर्वत्र नाही. ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली संपूर्ण आफ्रिकेतील भूजलाचा साठा सुमारे ६ लाख ६० हजार घन किलोमीटर असल्याचा अंदाज मांडला. त्यातला मोठा भाग सहाराच्या वाळवंटाखाली, माणसांपासून दूर आहे, आणि इतर बहुतेक ठिकाणी खडक असा आहे की मोठ्या उपशाच्या विंधन विहिरींना तो साथ देणार नाही. परंतु हातपंपाला किंवा एखाद्या छोट्या पंपाला पुरेल इतके पाणी पुष्कळ ठिकाणी आहे. म्हणजे मोठ्या यंत्राला अपुरे, पण लहान शेतकऱ्याला पुरेसे असे हे पाणी आहे, आणि त्याला साजेसे यंत्रही लहानच हवे.

तसे यंत्र म्हणजे पायपंप. दोन पट्ट्यांवर उभे राहून आलटूनपालटून पाय दाबायचे, की दोन नळकांड्यांतले दट्टे वरखाली होतात आणि पाणी ओढले जाते. आपल्या किनारपट्टीवर पायरहाट पाहिलेल्या माणसाला यातले निम्मे तत्त्व आधीच ठाऊक असते. १९८०च्या दशकात बांगलादेशात बांबूच्या पट्ट्यांचे असे लाखो पंप खपले. केनियात मार्टिन फिशर आणि निक मून यांनी १९९१ साली स्थापन केलेल्या, आज किकस्टार्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्याची नवी घडण केली आणि त्याचे नाव सरळ ‘मनीमेकर’ ठेवले. बांगलादेशची जमीन सपाट. तिथे पाणी वर आले की पुरे. केनियातली शेते उतारावर, म्हणून हा पंप पाणी नुसते ओढत नाही, तर नळीतून दाबाने चढावर ढकलतो. उचलून खांद्यावर घरी नेता यावा, म्हणजे रात्री चोरीला जाणार नाही, हाही विचार त्यात होता. पट्ट्यांची उंची आणि हालचाल कमी ठेवली, कारण चारचौघांत उंचावर उभे राहून पाय मारणे तिथल्या बायकांना प्रशस्त वाटत नसे. पंप चालवणार कोण, हे ज्याने पाहिले त्यालाच असे सुचते.

या पंपाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ओढून घेणारा कोणताही पंप सुमारे सात मीटरपेक्षा खोलवरचे पाणी व्यवहारात उचलू शकत नाही, कारण पाण्याला वर ढकलते ती हवेच्या दाबाची ताकद, आणि तिची सैद्धांतिक मर्यादाच दहा मीटरच्या थोडी वर आहे. शिवाय इंजिन म्हणजे माणूसच. तो सलग काम करताना साधारण ७५ वॅट इतकीच शक्ती देऊ शकतो. सेकंदाला एक लिटर पाणी येते असे धरले, तरी एकराचे २०,००० लिटर भरायला साडेपाच तास पाय मारावे लागतील. अर्ध्या एकराला पावणेतीन तास, आणि ते दोघांनी वाटून घेतले तर जमण्यासारखे. त्या बाई पंप घेतल्यानंतर चार गुंठ्यांवरून वीस गुंठ्यांवर गेल्या, तिथेच थांबल्या, आणि माझा हिशेबही तेच सांगत होता.

वीस गुंठे ऐकायला थोडे वाटतात. इथे खरा मुद्दा क्षेत्राचा नाही, वेळेचा आहे. पावसाच्या पाण्यावर पिकवणाऱ्या सर्वांचा माल एकाच पंधरवड्यात बाजारात येतो आणि भाव पडतो. त्याच शेतकऱ्याला तीन महिन्यांनी तोच जिन्नस चढ्या भावाने विकत घ्यावा लागतो. ज्याच्या हाती पाणी आहे तो पेरणीची तारीख स्वतः ठरवतो, आणि इतरांकडे काही नसताना त्याच्याकडे टोमॅटो असतात. कोरडवाहू आणि बागायत या दोन शब्दांमध्ये आपल्याकडे लग्नाच्या बोलणीपासून कर्जाच्या मंजुरीपर्यंत जे अंतर आहे, ते मुळात या तारखेचे अंतर आहे, असे मला आता वाटते. माझ्या आजोबांची पंचवीस एकर जिरायत होती आणि शेजाऱ्यांची विहिरीखालची अडीच एकर. सावकाराकडे मात्र आमच्याच घरातून जावे लागे.

मग सगळ्यांनीच पंप का घेतला नाही? कारण शंभर डॉलरच्या आसपासची रक्कम एकदम हातात असणे ही कोरडवाहू घरात वर्षातून एकदाच, सुगीनंतर घडणारी गोष्ट आहे, आणि त्याच आठवड्यात शाळेची फी उभी असते. बँक असल्या कर्जाकडे पाहत नाही, आणि दरमहा हप्ता मागणारे कर्ज दरमहा उत्पन्न नसलेल्या माणसाच्या उपयोगाचे नसते. केनियात २००७ साली एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय आली, आणि तिच्या आधाराने किकस्टार्टने ‘तोने क्वा तोने, पाता पंप’ ही योजना काढली. स्वाहिलीत त्याचा अर्थ ‘थेंब थेंब करून पंप मिळवा’. शेतकऱ्याने जमेल तेव्हा जमेल तेवढी रक्कम मोबाइलवरून भरत जायची, आणि किंमत पूर्ण झाली की पंप घरी न्यायचा. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही आपली म्हण तिथे अशी पंपाच्या दुकानात भेटली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

पंप फुकट का वाटू नयेत, हा प्रश्न मी तिथे अनेकांना विचारला. फिशर यांची भूमिका विकण्याचीच आहे, आणि तिच्यामागे अनुभव आहे: फुकट मिळालेली वस्तू गरज नसलेल्याच्या घरीही पोहोचते आणि कोपऱ्यात गंजते, शिवाय ती विकून पोट भरणारा दुकानदार टिकत नाही. मला हे बऱ्याच अंशी पटते, पण पूर्ण नाही. ज्या घरात शंभर डॉलर तीन वर्षांतही जमणार नाहीत ते घर या व्यवहाराच्या बाहेरच राहते, आणि बहुधा सर्वांत गरीब तेच असते.

मोठ्या योजनांची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे. केनियातच ताना नदीकाठच्या बुरा प्रकल्पात १९७०च्या दशकाच्या अखेरीस ६,७०० हेक्टर भिजवायचे ठरले होते. प्रत्यक्षात सुमारे २,५०० हेक्टरच तयार झाले. पाणी नदीतून डिझेलच्या पंपांनी उचलले जाई, आणि ते पंप बंद पडले की दूरदूरून आणून वसवलेल्या हजारो कुटुंबांचा कापूस एकदम वाळत असे. मी धरणांच्या आणि कालव्यांच्या विरोधात नाही. केनियातल्याच म्वेआच्या कालव्यांखाली कित्येक दशके भात पिकतो आहे. परंतु पाणी सोडणारा हात दूरच्या कचेरीत असला, की पेरणीची तारीख पुन्हा दुसराच कोणीतरी ठरवतो.

माणसाच्या पायांची मर्यादा ओलांडण्याचा मार्ग आता सौर पंपाने दाखवला आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन या देशाच्या उत्तरेकडील कलाले भागात २००७ साली स्त्रियांच्या गटांसाठी अर्ध्या हेक्टरच्या भाजीच्या बागा सौर पंप आणि ठिबक सिंचनावर उभ्या केल्या गेल्या. गटात तीस-पस्तीस बायका, आणि प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे १२० चौरस मीटर, म्हणजे जेमतेम सव्वा गुंठा. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा प्रत्येक बागेतून महिन्याला सरासरी १.९ टन भाजी निघत असल्याचे नोंदले आहे. त्यातला पाचव्या हिश्शाहून थोडा कमी भाग घरी खाल्ला गेला आणि बाकीचा विकला गेला. या व्यवस्थेत बॅटरी नाही. ऊन वाढते तशी पिकाची तहान वाढते आणि त्याच वेळी पंपाची शक्तीही वाढते. उरलेले पाणी टाकीत उंचावर साठते आणि तिथून आपल्या भाराने ठिबकच्या नळ्यांत उतरते. सौर पट्ट्यांच्या किमती त्यानंतरच्या दशकात सुमारे ९० टक्क्यांनी उतरल्या, आणि केनियात आता अशा पंपांचीही हप्त्यांनी विक्री होते.

यात मला एकच भीती वाटते, आणि ती माझ्याच राज्याने शिकवली आहे. पायपंपाला सात मीटरची आणि दमलेल्या पायांची मर्यादा असते. सौर पंपाला पाणी उपसण्याचा वेगळा खर्च नसतो, म्हणून तो थांबवावा असे कोणाला वाटत नाही. मराठवाड्यात शेकडो फूट खोल गेलेल्या विंधन विहिरी पाहिलेल्या माणसाने मचाकोसच्या वाळूतल्या पाण्याची काळजी करणे साहजिक आहे. त्या बाईंच्या गावातल्या लोकांनी झिऱ्याजवळ एक खुणेचा दगड ठेवला होता. पाणी त्याच्या खाली गेले की त्या वर्षी टोमॅटो बंद आणि फक्त पिण्याचे पाणी. हा नियम त्यांनीच ठरवलेला होता आणि मी तिथे होतो तोवर पाळलाही जात होता.

शेवटच्या भेटीत त्यांच्या पंपातून पाणी गळत होते. दट्ट्याची वायसर झिजली होती. बी-बियाणे आणि जनावरांची औषधे विकणाऱ्या गावातल्याच दुकानात ती मिळाली, त्यांच्या थोरल्या मुलीने अर्ध्या तासात बसवली, आणि ऊन चढायच्या आत दोन वाफे भरून झाले होते.