‘घरी दिले’चा रकाना

इचलकरंजीतल्या एका अभ्यासिकेत नववी-दहावीची बावीस मुलं संध्याकाळी येतात. बहुतेकांच्या घरी कोणी ना कोणी यंत्रमागावर आहे. या मुलांना पैशांची शिस्त लागावी म्हणून छोटं ॲप करायचं मी ठरवलं. ॲपचे स्क्रीन आखणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे आराखडा आठवडाभरात तयार झाला: एक तारखेला पॉकेटमनी भरा, मग तो ‘आत्ता’, ‘नंतर’ आणि ‘अडीनडीला’ अशा तीन डब्यांत वाटा.

पहिल्याच संध्याकाळी एका मुलानं विचारलं, “ताई, एक तारखेला काय असतं?”

त्याच्या घरी पगार आठवड्याला होतो. मुलांच्या हातात पैसे येतात ते मामानं निघताना ठेवलेले, ओवाळणीचे, दुकानातून आणलेल्या सामानाचे उरलेले सुटे. त्यांना महिना असा नसतोच. मी कॅलेंडर काढून टाकलं. ॲप उघडलं की आता एकच बटण दिसतं, ‘पैसे आले’. आले की वाटायचे, नाही आले तर काही करायचं नाही.

रोज नोंद केली की नाणी मिळतील, सलग सात दिवस केली की बक्षीस, हीही माझीच कल्पना. दहा दिवसांत नोंदींमध्ये रोज एकाच किमतीचा वडापाव दिसू लागला. मुलं नाण्यांसाठी खोटं लिहीत होती. शिवाय फोन आईचा, तो रात्री मिळाला तर मिळाला. साखळी तुटली तर त्यात त्या मुलाचा काय दोष? बक्षिसं त्याच दिवशी बंद केली.

व्याजाचं पान मात्र मुलांनीच घडवलं. वीस वर्षांच्या बचतीचा माझा आलेख कुणी धड पाहिलाही नाही. एक मुलगी म्हणाली, “आमच्याकडं पाच टक्क्यानं घेतलेत.” म्हणजे महिन्याला पाच टक्के. शाळेतलं व्याज वर्षाचं, गल्लीतलं महिन्याचं, आणि बोलताना दोन्हीला नुसतं ‘टक्के’च म्हणतात. फळ्यावर मांडलं: दहा हजारांवर महिन्याला ५००, वर्षात ६,००० रुपये नुसतं व्याज, आणि मुद्दल आहे तेवढंच. वर्षाला बारा टक्के असते तर १,२००. वर्ग गप्प झाला. आता त्या पानावर पहिला प्रश्न असतो, ‘महिन्याला की वर्षाला?’

माहिती कुठे ठेवायची यावर मी फार विचार केला. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचे सगळे बालक धरले आहेत. त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवता येत नाही. आम्ही नाव विचारत नाही, नोंदी त्या फोनबाहेर जात नाहीत. घरातल्या कर्जाची गोष्ट माझ्याकडे यायला नकोच.

सगळ्यात मोठी चूक शेवटी सापडली. दहावीतली एक मुलगी शिवलेल्या कपड्यांचे धागे कापून ३५० रुपये कमावते, त्यातले २०० तिनं सिलिंडरला दिले. रकाना नव्हता म्हणून ‘इतर खर्च’मध्ये लिहिले. ॲपनं लाल अक्षरांत बजावलं, ‘या वेळी खर्च जास्त झाला.’ तिनं मला स्क्रीन दाखवला. “ताई, घरी दिलेलं खर्चात धरायचं का?”

मला उत्तर देता आलं नाही. लाल अक्षरं मीच लिहिली होती. त्या रात्री ‘घरी दिले’ हा चौथा रकाना केला. तिथं कसलाही इशारा नाही, फक्त आतापर्यंतची बेरीज दिसते.

तिची बेरीज १,४५० झाली तेव्हा आईनं ती पाहिली. दुसऱ्या दिवशी त्या अभ्यासिकेत आल्या, दाराशीच उभं राहून म्हणाल्या, “उसनं दिलं-घेतलंचं पण एक घाला की.” सध्या तेच चाललं आहे. उसनं फेडायला तारीख मागायची की नाही, यावर मुलांचं अजून एकमत झालेलं नाही.