चकाकी आणि पकड: आमची वाटचाल

धार लावण्याचं काम सुरू केलं तेव्हा आमच्याकडून जाणारं प्रत्येक पातं आरशासारखं असायचं. 400, 1000, 3000, 6000 असे सगळे दगड (आकडा जितका मोठा, तितके दगडाचे कण बारीक), आणि शेवटी क्रोमियम ऑक्साइड ही पॉलिशची बारीक पूड लावलेला चामड्याचा पट्टा. पातळ कागद आवाज न करता दुभंगायचा. तरी स्वयंपाकघरातले चाकू लवकरच परत यायचे आणि तक्रार एकच असायची, टोमॅटोच्या सालीवरून घसरतो. आज असे बहुतेक चाकू आम्ही 1000 वरच थांबवतो.

याचं कारण कापण्याच्या पद्धतीत आहे. चाकू ओढून कापताना धारेवरचे बारीक चरे दातांचं काम करतात. दाब त्या टोकांवर एकवटतो. साल, दोर, मांसातले चिवट धागे लगेच पकडले जातात. सरळ दाबून कापताना मात्र हे दात पुढे सरकतच नाहीत. तिथे गुळगुळीत धार कमी जोरात आत जाते आणि काप स्वच्छ येतो. म्हणून पटाशी, लाकूड कोरायचा चाकू आणि वस्तरा यांना आम्ही आजही शेवटच्या टप्प्यापर्यंत पॉलिश करतो. चाकू हातात घेतल्यावर आमचा पहिला प्रश्न असतो: ओढून कापता की दाबून?

खरी फसगत होते ती बरमुळे. दगडावर एक बाजू घासली की धातूची पातळ झालर दुसऱ्या बाजूला वळते, तीच बर. ती बोटाला खरखरीत लागते, पहिला टोमॅटोही छान कापते, आणि अनेकांना वाटतं हीच खरखरीत धार. पाच-दहा कापांत ती दुमडते किंवा तुटते आणि चाकू बोथट होतो. चांगल्या खरखरीत धारेला दात असतात, बर नसते. हा फरक कळायला आम्हाला सर्वांत जास्त वेळ लागला.

आमची आताची पद्धत अशी. पात्याचा दगडाशी कोन दर बाजूला 15 ते 20 अंश. कोन नीट बसतोय का ते पाहायला पात्याच्या धारेकडच्या उतारावर मार्करची शाई लावतो. शाई धारेच्या टोकापाशी उरली तर पातं जास्त उचलायला हवं, वरच्या कडेला उरली तर कमी. 400 वर मुठीपासून टोकापर्यंत अखंड बर येईपर्यंत घासायचं, मगच बाजू बदलायची. बर मध्येच तुटक लागली तर तेवढ्या भागात धार अजून झालेलीच नाही. मग 1000 वर तसंच, पण दाब कमी करत. शेवटचे आठ-दहा हात आलटूनपालटून, धार पुढे ठेवून, जवळपास पात्याच्या स्वतःच्या वजनानेच. दाब समजत नसेल तर दगड वजनकाट्यावर ठेवून पाहावा: सुरुवातीला दीड-दोन किलो, शेवटी 200 ग्रॅमच्या आत. नंतर कोऱ्या चामड्यावर धार मागे ठेवून दर बाजूला तीन-चार हात, बस. इथे जोर दिला तर चामडं दबून धारेभोवती वर येतं आणि धारेचं टोक गोल होतं; लावलेले दातही पुसले जातात.

उजेडाखाली धार वर करून बघावी. जिथे चकाकी दिसते तिथे बर तरी आहे नाहीतर बोथटपणा. तीक्ष्ण टोक दिसतच नाही.

पोलादाचाही विचार करावा लागतो. मऊ स्टेनलेसवर 6000 चं पॉलिश टिकत नाही, तो वेळ वायाच जातो. व्हॅनेडियम धातू जास्त असलेल्या पोलादातले कार्बाइड (धातू आणि कार्बनच्या संयुगाचे) कण ॲल्युमिनाच्या दगडापेक्षा कठीण असतात, त्यामुळे तिथे आम्ही हिऱ्याची प्लेट वापरतो. कोरड्या फिरत्या बेल्टवर धार लावणं आम्ही बंदच केलं. धारेचं टोक इतकं पातळ असतं की घासण्याच्या उष्णतेने रंग बदललेला दिसायच्या आतच त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरू शकतं.

दगड खोलगट झाला की कोन हातातून निसटतो. म्हणून त्यावर पेन्सिलीने चौकटी आखून, त्या सगळ्या पुसल्या जाईपर्यंत सपाट करतो. आणि दगडांच्या आकड्यांवर डोळे मिटून विसंबू नये: जपानी 1000 आणि पॉलिश पेपरचा पी 1000 यांचे कण एकाच मापाचे नसतात.

घरी मधल्या काळात सिरॅमिक कांडीवर दर बाजूला दोन-तीन हलके हात पुरतात. कांडीवर कोन दगडापेक्षा किंचित जास्त ठेवावा. पकड परत येत नसेल तेव्हाच पातं दगडावर घ्यावं.