रोज त्याच गल्लीत काय बघता?

"काकू, नॅशनल पार्क इतकं जवळ असताना रोज याच गल्लीत काय बघत फिरता?" मुलुंडला आमच्या बिल्डिंगमधली मुलं विचारतात, पुतण्या विचारतो, दूधवाल्याचंही विचारून झालं. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मी पक्षीनिरीक्षक वगैरे नाही. दुर्बीण नाही, कॅमेरा नाही, आणि पार्कातली चढण गुडघ्यांना झेपत नाही. खरं तर एवढं कारण पुरे, पण ते सांगितलं की लोक लगेच तेलं सुचवतात.

शिवाय गल्लीत बघण्यासारखं असतं. फेब्रुवारीत काटेसावर पानं टाकून लाल फुलांनी भरते. मैना, बुलबुल, कावळे यांची एवढी झुंबड उडते की खाली उभं राहिलं तर टपकन फूल डोक्यावर येतं. चांगलं जाडजूड असतं, लागतं. गटाराच्या कडेला एकदांडी. लहानपणी खरचटलं की हाच दगडीपाला चुरगळून लावायचो. जरा वाकून बघा, पिवळ्या गोंड्याभोवती जेमतेम पाचेक फिकट पाकळ्या आणि प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. ही मूळची अमेरिकेतली, गिरिपुष्प तिकडचंच, गुलमोहर मादागास्करचा. पूर्वी मी ठणकावून सांगायचे, मुंबईत कसला आलाय वसंत, सगळा उसना माल! आता म्हणत नाही. पण तेव्हाची मी अगदीच चुकत होते, असंही वाटत नाही.

बरं, शेवग्याचं सांगते. मागच्या मार्चमध्ये कंपाउंडलगतच्या शेवग्याच्या वाळक्या फांदीत तांबटाची जोडी घर कोरत होती. चिमणीएवढा जीव, कपाळ लाल, गळा पिवळा. चोचीत भुसा धरायचा आणि मान झटकून बाहेर टाकायचा. भोक फांदीच्या खालच्या अंगाला, गिरमिटानं पाडल्यासारखं गोल. पुढे दोघं आळीपाळीनं आत बसायला लागली, म्हणजे अंडी असणार.

एका सकाळी खाली उतरले तर फांदी जमिनीवर. पावसाळ्याआधीची छाटणी त्या वर्षी लवकर उरकून घेतली म्हणे. फांदी उलटी पडल्यानं भोक वर आलं होतं. बोट घातलं तर ओलसर भुसा आणि पांढऱ्या कवचाचे तुकडे. जोडीतला एक समोरच्या पिंपळाच्या शेंड्यावर बसून टुक टुक करत होता. दुःखानं करत होता, असं मी म्हणणार नाही. मार्चमध्ये तांबट टुकटुकतोच.

सेक्रेटरींना मी नको नको ते बोलले. 1975 चा झाडांचा कायदासुद्धा ऐकवला. त्यांनी शांतपणे परवानगीचा कागद पुढे केला. "वहिनी, गेल्या पावसात फांदी पडून रिक्षाची काच फुटली. कुणाच्या डोक्यात पडली असती तर?" मुंबईत दर पावसाळ्यात झाडं पडून माणसं जातात, हे मलाही माहीत आहे. मी घरी आले.

तांबटाला घरासाठी वाळलेलं, मऊ लाकूड लागतं. माणसाच्या अंगावर पडते ती फांदीही बहुतेक वेळा वाळलेलीच. पार्काच्या जंगलात फांदी वाळली तर ती आपली झाडावर राहते, कुणी सेक्रेटरीकडे तक्रार करत नाही. तिथे तांबटाला माझी काय गरज? इथेही माझा काही उपयोग झाला नाही, हे आलं लक्षात. तरी रोज जाऊन बघते.

यंदा त्याच शेवग्याची दुसरी फांदी वाळली आणि तांबट पुन्हा आलाय. मी सोसायटीला अर्ज दिला की मेअखेरपर्यंत हिला हात लावू नका, पाऊस काय जूनमध्येच येतो. सेक्रेटरी म्हणाले, "चालेल. तोवर काही झालं तर जबाबदारी तुमची, एवढं लिहून द्या."

तो कागद फ्रिजवर पडलाय. फांदीच्या बरोबर खाली पोरं क्रिकेट खेळतात. अजून सही केलेली नाही.