चार सेंटिमीटर

मे महिन्यात नागपुरात मुलांना मैदानावर घ्यायचं तर पहाटे साडेपाचलाच घ्यावं लागतं. सातनंतर माती तापायला लागते. पारा 45 च्या वर जाणारं हे शहर, त्यामुळे साडेसातला सराव बंद म्हणजे बंद. उत्तर नागपुरातल्या आमच्या फुटबॉल शिबिरात 14 वर्षांखालचे 22 पोट्टे होते. त्यातल्या एकाबद्दल लिहायचं आहे.

तो आमचा स्ट्रायकर. हिवाळ्यात त्याच्या पायातून चेंडू काढणं कोणाला जमत नव्हतं. मे उजाडला आणि तोच मुलगा स्वतःच्याच पायात अडखळायला लागला. चेंडू पायाला लागून दोन हात लांब जायचा. हेडरला उडी मारायची वेळ आली की अंग चोरायचा. याला मोबाइलचा नाद लागला, आळस भरला, असं मी ठरवून टाकलं. त्या सकाळी धावण्याच्या सरावात तो मध्येच थांबला तेव्हा सगळ्यांसमोर ओरडलो आणि मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या. तिसऱ्या फेरीत तो कडुनिंबाखाली मटकन बसला.

जवळ जाऊन स्टॉकिंग खाली केलं. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीचं हाड सुरू होतं तिथे सुपारीएवढा उंचवटा. बोट नुसतं टेकवलं तर त्यानं श्वास ओढून घेतला.

"काऊन नाही सांगितलं?"

"तुम्ही टीममधून काढलं असतं सर."

न्यायला आलेल्या आईनं बाकीचं सांगितलं. "महिना झाला सर. रात्री पाय दाबून मागते. सरांना सांगू नको म्हणे."

संध्याकाळी अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी दाबून पाहिलं, दोन-चार प्रश्न विचारले आणि ऑस्गुड-श्लाटर असं निदान केलं. 1903 साली अमेरिकेतले ऑस्गुड आणि स्वित्झर्लंडमधले श्लाटर या दोन डॉक्टरांनी आपापल्या परीनं याचं वर्णन केलं, म्हणून हे जोडनाव. मांडीचा पुढचा मोठा स्नायू वाटीवरून खाली येऊन नडगीच्या हाडाला धरतो. वाढीच्या वयात हाडाचा नेमका तो भाग कच्चा असतो. हाड झपाट्यानं वाढतं, स्नायू ताणलेला राहतो, आणि प्रत्येक उडी, प्रत्येक किक, प्रत्येक धाव त्या कच्च्या जागेला ओढते. वाढ थांबली की बहुतेकांचं दुखणं आपोआप शमतं. तोवर उड्या आणि वेगाची धाव कमी, सरावानंतर बर्फ, मांडीचं स्ट्रेचिंग, आणि दुखलं की थांबायचं.

मग त्यांनी विचारलं, "सहा महिन्यांत उंची किती वाढली याची?"

मला सांगता आलं नाही. किती गोल, किती पास, किती दिवस गैरहजर, सगळं माझ्या वहीत होतं. उंची नव्हती.

घरी येऊन जानेवारीतला निवड चाचणीचा अर्ज शोधला. 151 सेंटिमीटर. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला भिंतीशी उभं केलं. 155. मुलांची वाढ साधारण 13-14 व्या वर्षी सगळ्यात जोरात असते आणि तेव्हा वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटर सहज होतात. चार महिन्यांत पाय लांबला होता आणि जुन्या पायाच्या अंदाजानं तो चेंडू मारत होता. आळस कुठेच नव्हता.

मग सगळ्यांनाच मोजलं. एकाच वयोगटात सगळ्यात लहान 138 आणि सगळ्यात उंच 167! जन्मतारखेवरून मी त्यांना एका रांगेत उभं करत होतो. त्या दिवशी शेवटचा अर्धा तास गट उंचीवरून पाडले. इंग्लंडमधल्या अकादम्या शारीरिक वाढ पाहून असे गट करतात, बायो-बँडिंग म्हणतात त्याला. आमचा प्रकार ढोबळ होता, पण चित्र लगेच पालटलं. एरवी धक्क्याच्या भीतीनं चेंडू आला की देऊन मोकळा होणारा सगळ्यात बुटका मुलगा दोघांना चकवून गेला. आणि 167 वाला, जो खांदा लावूनच जिंकायचा, त्याच्याएवढ्यांत पडल्यावर पहिल्यांदा मान वर करून पास शोधायला लागला.

स्ट्रायकरला घरी बसवायचं नाही हे मी ठरवलं होतं. वाढीच्या वयातला पोरगा संघापासून तुटला की मनानं लवकर खचतो, आणि याला तर काढून टाकण्याचीच धास्ती होती. सगळ्यांना गोल उभं करून मी त्याची माफी मागितली. शिक्षा म्हणून फेऱ्या यापुढे नाहीत, हेही सांगितलं. कोणी काही बोललं नाही. तो खाली बुटांकडे पाहत होता.

मग त्याला वही दिली. आमच्या मिडफिल्डरनं चेंडू मिळण्याआधी खांद्यावरून मागे किती वेळा पाहिलं, ते मोजायचं. चांगले खेळाडू चेंडू पायाशी येण्याआधीच आजूबाजूचं मैदान टिपून ठेवतात. ही सवय बसूनही लावता येते.

साडेसातला तो लंगडत आला. वहीत रेघांच्या दोन रांगा होत्या.

"सर, डावीकडे अकरा वेळा पाह्यलं यानं. उजवीकडे एकदाही नाही. तिकडूनच चेंडू जाऊन राह्यला त्याचा."

वीस मिनिटं मीही तोच खेळ पाहत होतो. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"उद्या कोणाचं मोजू?" त्यानं विचारलं.